कॉपीराइटची मुदत संपलेल्या पुस्तकांचा डेटासेट खुला करायचाय: परवाना कोणता, आणि 'मुदत संपली' हे ठरवायचं कसं?

कोरेपान:

जुन्या पुस्तकांचा डेटासेट तयार आहे, तो सगळ्यांसाठी खुला करायचा आहे. नोंदी साधारण ४,२००. रकाने असे: शीर्षक, लेखक, अनुवादक, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, प्रकाशक, पानं, भाषा, लेखकाचं मृत्युवर्ष. पुस्तकं भारत, ब्रिटन आणि अमेरिका अशा तीन देशांतली. त्यातल्या ९०० पुस्तकांचा ओसीआर केलेला (स्कॅनवरून संगणकाने ओळखलेला) मजकूरही सोबत द्यायचा आहे. अडलंय ते असं:

१. यादीला परवाना कोणता द्यावा? एक मत असं की 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' लिहून मोकळं व्हावं, तेच सगळ्यात सुरक्षित.
२. 'मुक्त / मुक्त नाही' हा रकाना सूत्र लावून भरता येईल का? सध्या मृत्युवर्ष + ६० असं केलंय.
३. काही स्कॅन ज्या संकेतस्थळांवरून घेतले तिथे तळाशी 'सर्व हक्क राखीव' लिहिलंय. पुस्तकं मात्र शंभर वर्षांपूर्वीची. मग खरं कोणाचं?
४. थोडं अवांतर: लेखक गेल्यावरही साठ-सत्तर वर्षं, ही मुदत आली कुठून?

रकानेवाला:

एकाच नोंदीत हक्कांचे पाच-सहा थर एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. ते सुटे करून बघा, परवान्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

तळाचा थर वस्तुस्थितीचा. अमुक पुस्तक १९१२ साली निघालं, पानं २१६, लेखक १९३३ साली वारला. यावर कोणाचाच कॉपीराइट नसतो. अमेरिकेत १९९१ च्या फाइस्ट खटल्यात हे पक्कं झालं. वाद टेलिफोन डिरेक्टरीचा होता. नावं आणि नंबर गोळा करायला कितीही घाम गाळला तरी नुसत्या घामाने हक्क मिळत नाही. निवडीत किंवा मांडणीत थोडी तरी स्वतःची कल्पकता लागते, असं न्यायालयाने म्हटलं. भारतात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही नुसती मेहनत पुरेशी धरली नाही. आपल्या कायद्यातल्या 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणकीय डेटाबेस येतो हे खरं, पण संरक्षण मिळतं ते निवडीला आणि मांडणीला, आतल्या तारखांना नाही. आणि अकारविल्हे लावलेल्या यादीत कल्पकता ती कसली?

युरोपियन संघात याच्या वर आणखी एक थर आहे. १९९६ च्या निर्देशाने डेटाबेसला वेगळा खास हक्क दिला. कल्पकता शून्य असली तरी चालेल, पण माहिती मिळवण्यात, तपासण्यात किंवा मांडण्यात भरीव गुंतवणूक हवी. मग १५ वर्षं संरक्षण. मेख अशी की भरीव खर्च करून डेटाबेस अद्ययावत केला की नव्याने १५ वर्षं सुरू होतात. सतत चालू असलेल्या सूचीची मुदत त्यामुळे संपायचं नावच घेत नाही. २००४ साली ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्डाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने याला थोडा लगाम घातला: माहिती 'निर्माण' करण्यावरचा खर्च धरायचा नाही, आधीच असलेली माहिती 'मिळवण्यावरचा' धरायचा. ग्रंथालयाची सूची दुसऱ्या प्रकारात जाण्याची शक्यता जास्त. म्हणून युरोपातल्या एखाद्या सूचीतून हजारो नोंदी सरसकट उतरवल्या असतील तर आधी त्या सूचीचा परवाना बघा. बाकीच्यांची काळजी नको.

यादीला सीसी झीरो (क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'माझे सगळे हक्क सोडले' सांगणारा परवाना) द्या. कॉपीराइट असो की युरोपचा तो खास हक्क, तुमच्याकडे जे काही असेल ते एका फटक्यात सोडता येतं. युरोपियाना (युरोपातल्या ग्रंथालयं-संग्रहालयांचं ऑनलाइन भांडार) २०१२ पासून आपला मेटाडेटा (वस्तूंबद्दलच्या नोंदी) याच परवान्याने देते, विकिडेटाही (विकिपीडिया कुटुंबातला डेटाबेस) सुरुवातीपासून सीसी झीरोच आहे. म्हणजे तुमच्या नोंदी तिथे थेट जाऊ शकतात.

'अव्यावसायिक' सुरक्षित वाटतं, पण त्याचे दोन तोटे आहेत. पहिला असा की जिथे मुळात हक्कच नाही तिथे परवान्याला उभं राहायला जमीन नसते. ज्याला उचलायचं तो उचलतोच, प्रामाणिक माणूस तेवढा अडतो. दुसरा तोटा व्यावसायिक म्हणजे काय यातला. जाहिराती असलेला ब्लॉग? फी घेणारी अभ्यासशाळा? विकिपीडिया कुटुंबातले प्रकल्प तर अशा अटीचा माल घेतच नाहीत. 'खुला डेटा' या शब्दाच्या रूढ व्याख्येतही ही अट बसत नाही.

मजकुराच्या ९०० फायलींना मात्र सीसी झीरो लावू नका. ही चूक सर्रास होते. सीसी झीरो म्हणजे 'माझे हक्क मी सोडले', आणि दुसऱ्याच्या जुन्या पुस्तकावर तुमचे हक्क नाहीतच तर सोडणार काय? तिथे पब्लिक डोमेन मार्क लावायचा. ती 'यावर कॉपीराइट नाही' सांगणारी नुसती खूण आहे, परवाना नव्हे. देशादेशांत स्थिती वेगळी असेल, किंवा खात्री नसेल, तर राइट्स-स्टेटमेंट्सची (RightsStatements.org) हक्कांची स्थिती सांगणारी ठरावीक १२ विधानं आहेत, त्यातलं योग्य ते वापरा. 'हक्कधारक सापडत नाही' यालाही त्यात स्वतंत्र विधान आहे.

स्कॅनचं: सपाट पानाची हुबेहूब प्रतिकृती ही नवी कृती नाही, हे अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन खटल्यात ठरलं. युरोपियन संघाने २०१९ च्या निर्देशातल्या कलम १४ मध्ये दृश्यकलेपुरतं तेच लिहून ठेवलं. त्यामुळे तळाची 'सर्व हक्क राखीव' ही ओळ बहुतेक वेळा त्या संकेतस्थळाच्या रचनेपुरती किंवा सवयीने टाकलेली असते. पण खातं उघडताना 'डाउनलोड केलेलं पुन्हा वाटणार नाही' अशा अटीवर टिचकी मारली असेल तर तो करार झाला. करार कॉपीराइटच्या मुदतीवर अवलंबून नसतो. तो टिचकी मारणाऱ्याला बांधतो, फाइल पुढे मिळालेल्या तिसऱ्या माणसाला सहसा नाही. अशा स्कॅनांची यादी वेगळी काढा आणि शक्य तिथे दुसरा स्रोत शोधा.

ब्रिटनमधल्या पुस्तकांसाठी एक खास सापळा. तिथे छापील पानाच्या जुळणीवर प्रकाशकाचा वेगळा हक्क असतो, प्रकाशनापासून २५ वर्षं. मजकूर १८७० चा असला तरी नव्या आवृत्तीचं पान जसंच्या तसं स्कॅन करून देता येत नाही. त्यातला मुक्त मजकूर टंकून घ्यायला हरकत नाही.

मुदतमोजणी:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त प्रश्न २ घेतो, कारण मृत्युवर्ष + ६० हे सूत्र पहिल्याच पायरीला घसरतं.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. १९६४ साली वारलेल्या लेखकाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, कृती मुक्त झाली १ जानेवारी २०२५ ला. म्हणजे 'मुक्त होण्याचं वर्ष' या रकान्यात मृत्युवर्ष + ६१ हवं. तुमच्या सूत्राने शेवटच्या वर्षातली सगळी पुस्तकं एक वर्ष आधीच मुक्त दाखवली जातायत. आधी ते सुधारा.

सूत्रं अशी:

भारत: मृत्युवर्ष + ६१.
ब्रिटन आणि युरोपियन संघ: मृत्युवर्ष + ७१.
अमेरिका, १९७८ पूर्वी प्रकाशित: प्रकाशनवर्ष + ९६. इथे लेखकाच्या मृत्यूचा संबंध नाही. १९२९ ची पुस्तकं १ जानेवारी २०२५ ला मुक्त झाली ती अशी.

अमेरिकेत १९६३ पर्यंत प्रकाशित झालेल्या अमेरिकी पुस्तकांना एक मोठी सूट आहे. तिथे पहिली २८ वर्षं संपताना नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. तो केला नसेल तर पुस्तक तेव्हाच मुक्त झालं. पुस्तकांच्या नूतनीकरणाच्या नोंदी स्टॅनफर्डने शोधता येतील अशा स्वरूपात ठेवल्या आहेत. तुमच्या यादीशी शीर्षक + लेखक असं जुळवून बघा, पण फक्त यांत्रिक जुळणीवर 'नोंद सापडली नाही म्हणजे मुक्त' ठरवू नका. लेखकाचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने असतं, किंवा अर्ज विधवेच्या नावाने असतो. १९६४ ते १९७७ मधल्या कृतींचं नूतनीकरण पुढे कायद्यानेच आपोआप झालं, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.

आता मृत्युवर्ष कोणाचं?

दोन लेखक असतील तर शेवटी वारला त्याचं. अनुवाद ही वेगळी कृती, तिला अनुवादकाचं मृत्युवर्ष. मूळ पुस्तक १९१० चं, अनुवाद १९५५ चा, अनुवादक १९९० साली वारला, तर भारतात अनुवाद २०५० च्या अखेरपर्यंत अडकला. प्रस्तावना, चित्रं, मुखपृष्ठ यांचंही तसंच. ओसीआर केलेल्या फाइलमध्ये दुसऱ्याची प्रस्तावना गुपचूप येऊन बसलेली असते, ती बघा. नाव न देता छापलेलं पुस्तक भारतात प्रकाशनापासून ६० वर्षं, मात्र मुदतीच्या आत लेखकाची ओळख उघड झाली की पुन्हा मृत्यूपासूनची मोजणी. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर भारतात प्रकाशनवर्षापासून ६०. फोटोंची गंमत वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षं होती, आता इतर कृतींसारखी मृत्यूनंतर ६०. दुरुस्तीआधी मुक्त झालेले फोटो मुक्तच राहिले, म्हणजे १९५१ पर्यंत प्रकाशित झालेल्यांची चिंता नाही.

सरकारी प्रकाशनं यादीत असतील तर लेखकाचा रकाना रिकामा बघून गोंधळू नका. भारतात प्रकाशनापासून ६० वर्षं. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाला तिथे मुळातच कॉपीराइट नाही.

कोरेपान:

दोघांचेही आभार. + ६१ ची चूक दुरुस्त केली, १३७ नोंदी 'मुक्त' मधून 'अजून नाही' मध्ये गेल्या.

दोन उपप्रश्न. मृत्युवर्ष बरंचसं विकिडेटावरून घेतलंय, ते चालेल ना? आणि भारतात मुक्त झालेलं भारतीय पुस्तक अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवलं तर काही अडचण?

मुदतमोजणी:

विकिडेटा चालेल, पण मृत्युदिनांकाबरोबर त्याची अचूकता ओढून घ्या. तिथे प्रत्येक दिनांकाला अचूकतेचा आकडा असतो: ११ म्हणजे दिवसापर्यंत नक्की, ९ म्हणजे वर्ष, ८ म्हणजे दशक, ७ म्हणजे शतक. साध्या क्वेरीत हा आकडा येत नाही, फक्त दिनांक येतो. एखाद्याचा मृत्यू '१९३० चं दशक' एवढाच माहीत असेल तर तुमच्या फाइलमध्ये तो १ जानेवारी १९३० होऊन पडतो आणि सूत्र त्याला निमूटपणे खरं मानतं. प्रत्यक्षात तो १९३९ असू शकतो. दशक असेल तर दशकाचं शेवटचं वर्ष धरा, शतक असेल तर मृत्युवर्ष अज्ञात समजा.

अज्ञात असेल तर? अंदाजाने भरू नका. प्रकाशनाला १२० वर्षं झाली असतील तर 'बहुधा मुक्त', नसतील तर 'ठरलेलं नाही'. विकिमीडिया कॉमन्सही १२० चाच ठोकताळा वापरतं. एक नाव आणि दोन माणसं, हा घोटाळा मात्र कोणतंच सूत्र पकडत नाही. लेखकाच्या विसाव्या वर्षाआधी किंवा मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी 'प्रथम प्रकाशन' दिसलं की ती ओळ हाताने तपासा. यात काही नोंदी खऱ्याच मरणोत्तर प्रकाशनाच्या निघतील, त्यांचं सूत्र वर सांगितलंच आहे.

छापील सन शके असेल तर मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा राहू द्या. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. महिना माहीत नसेल तर ७९ धरा, म्हणजे चूक झालीच तर सावध बाजूला होते. आणि हो, १९०० पूर्वीच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळत नाहीत, तो त्यांना मजकूर समजतो आणि क्रमवारी बिघडवतो. वर्ष साध्या पूर्णांकात ठेवा.

सर्व्हरचा प्रश्न जास्त टोकदार आहे. बर्न करारात (कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात) 'कमी मुदतीचा नियम' आहे: मायदेशात मुदत संपली की दुसऱ्या देशानेही ती संपली धरावी. भारत हा नियम पाळतो, युरोपियन संघही पाळतो. अमेरिका पाळत नाही. उलट १ जानेवारी १९९६ ला जी परदेशी कृती तिच्या मायदेशात हक्काखाली होती, तिला अमेरिकेने प्रकाशनापासून ९५ वर्षं परत देऊन टाकली.

याचा भारतीय पुस्तकांवर परिणाम बघा. १९९१ पर्यंत आपल्याकडे मुदत मृत्यूनंतर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ च्या अखेरीला संपणार होते. ते संपता संपता अध्यादेश निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने ५० ची ६० वर्षं झाली. आधीच मुक्त झालेलं मात्र परत बंद केलं नाही. म्हणून रेघ पडते ती १९४१ वर. १९४० किंवा त्याआधी वारलेल्या भारतीय लेखकाची हयातीत छापलेली पुस्तकं १९९६ साली मुक्तच होती, अमेरिकेतही मुक्त. १९४१ किंवा नंतर वारलेला असेल तर अमेरिकेत प्रकाशनवर्ष + ९६. उदाहरण: पुस्तक १९४० चं, लेखक १९५० साली वारला. भारतात २०११ पासून मुक्त, अमेरिकेत २०३६ पासून. असं पुस्तक अमेरिकेतल्या सर्व्हरवर मजकुरासकट ठेवायचं नाही. नुसती यादी ठेवायला कसलीच आडकाठी नाही.

थोडक्यात, 'मुक्त / मुक्त नाही' हा एकच रकाना पुरत नाही. मुक्त_भारत, मुक्त_युरोप, मुक्त_अमेरिका असे तीन, त्यात वर्ष लिहायचं. शेजारी 'कशावरून' असा रकाना: मृत्युवर्ष, प्रकाशनवर्ष, नूतनीकरण नाही, अनुवादक, अज्ञात. उद्या कायदा बदलला तर 'कशावरून' बघून पुन्हा मोजता येतं, नुसत्या हो-नाहीवरून येत नाही. कॅनडाने २०२२ च्या अखेरीस ५० ची ७० केली तेव्हा अशा हो-नाहीवाल्या सगळ्या याद्या एका रात्रीत संशयास्पद झाल्या.

सहभाग:

सीसी झीरोला माझा विरोध आहे. एवढी मृत्युवर्षं तपासायची, आणि कोणीतरी ती उचलून सुधारून स्वतःच्या बंद सूचीत टाकायची? ओडीबीएल (डेटाबेससाठीचा खुला परवाना) द्या. सुधारलेला डेटाबेस जाहीर केला तर तो त्याच अटीवर खुला करावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) २०१२ साली सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि त्याच अटीवर वाटा, असा परवाना) सोडून ओडीबीएलवर गेलं, ते उगीच नव्हे.

रकानेवाला:

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मोठ्या समुदायाचा आहे आणि युरोपात त्याला डेटाबेस हक्काचा आधार मिळतो. भारतात किंवा अमेरिकेत तो हक्कच नाही. तिथे ओडीबीएल उरतो मुख्यतः करार म्हणून, आणि करार वर म्हटल्याप्रमाणे तिसऱ्या माणसापर्यंत सहज पोचत नाही.

दुसरी अडचण रोजच्या कामातली. ओडीबीएलचा माल सीसी झीरोच्या विकिडेटात जाऊ शकत नाही. म्हणजे जिथून मृत्युवर्षं घेतली तिथेच दुरुस्त्या परत देता येणार नाहीत. 'परत द्या' म्हणणाऱ्या परवान्याने आपलंच परत देणं अडवायचं, हे मला पटत नाही. सीसी बाय ४.० (फक्त श्रेय मागणारा परवाना) सुद्धा दिसतो तितका सोपा नाही. तीस स्रोतांमधून बनलेल्या डेटासेटमध्ये तीस श्रेयं सांभाळावी लागतात, आणि त्यातून पुढचा डेटासेट झाला की ती वाढतच जातात. ओपनस्ट्रीटमॅपवाले सीसी बाय ४.० चा डेटा घेतानाही मूळ मालकाकडून वेगळी लेखी सूट मागतात.

श्रेय हवं असेल तर 'वाचा'मध्ये (डेटासेटसोबतच्या README फाइलमध्ये) 'असा उल्लेख करावा' म्हणून एक ओळ द्या. विनंती म्हणून, अट म्हणून नको.

सहभाग:

विकिडेटाचा मुद्दा मान्य. पण ९०० मजकुरांतल्या हाताने केलेल्या दुरुस्त्या? तिथे तरी काही हक्क उरतो की नाही?

रकानेवाला:

ओसीआरच्या चुका मूळ पानाबरहुकूम सुधारण्यात नवनिर्मिती नाही, उलट जितकं बिनचूक तितकं ते मूळच. टिपा, पाठभेदांची निवड, प्रस्तावना असं काही घातलं तर त्या भागाला हक्क मिळतो. युरोपियन संघात सदस्यदेशांना चिकित्सक आवृत्तीला जास्तीत जास्त ३० वर्षं देता येतात. आणि मुदत संपल्यावर पहिल्यांदाच प्रकाशित होणाऱ्या हस्तलिखिताला तिथे प्रकाशकाच्या नावाने २५ वर्षं मिळतात. हस्तलिखितं असतील तर हे आधी बघा. नाहीतर तुम्ही मुक्त समजून खुलं केलंत आणि दुसऱ्या कोणी दोन वर्षं आधीच छापलेलं निघालं, असं व्हायचं.

तळटीप:

प्रश्न ४ राहिलाच.

१७१० चा इंग्लंडचा पहिला कायदा १४ वर्षं देत होता, आणि लेखक हयात असेल तर आणखी १४. अमेरिकेने १७९० साली तेच उचललं, १९०९ साली २८ + २८ केलं. मृत्यूपासून मोजायची पद्धत युरोपातून आली; बर्न करारात मृत्यूनंतर ५० वर्षं हा आकडा १९०८ च्या बर्लिन परिषदेत आला आणि १९४८ साली ब्रुसेल्सला सक्तीचा झाला. ७० हा आकडा जर्मनीत १९६५ पासून होता. १९९३ साली युरोपियन संघाने सदस्यदेशांच्या मुदती एकसारख्या करायचं ठरवलं तेव्हा ज्याची जास्त ती सगळ्यांना लावली, कारण कमी करायची तर कोणाचा तरी मिळालेला हक्क काढून घ्यावा लागला असता. मग अमेरिकेने १९९८ साली २० वर्षं वाढवली, युरोपशी बरोबरी हे एक कारण सांगून. मुदत एकदा वाढली की खाली येत नाही याचं यंत्र एवढंच.

वाढीव वर्षांनी लेखकाला काय मिळतं याचा हिशोब कोणालाही करता येतो. समजा लेखक पुस्तक लिहून ३० वर्षं जगला आणि पुस्तक दर वर्षी सारखेच पैसे देत राहिलं. मृत्यूनंतर ५० म्हणजे एकूण ८० वर्षं, ७० म्हणजे १००. ७ टक्के व्याजाने आजची किंमत काढली तर शेवटच्या २० वर्षांनी एकूण किमतीत भर पडते ०.३३ टक्के. १९९८ च्या वाढीला आव्हान देणाऱ्या एल्ड्रेड खटल्यात १७ अर्थतज्ज्ञांनी न्यायालयापुढे हाच मुद्दा मांडला होता. सह्या करणाऱ्यांत केनेथ अ‍ॅरो, रोनाल्ड कोस आणि मिल्टन फ्रीडमन एकत्र होते, म्हणजे नेहमी एका बाजूला न दिसणारी माणसं. २००३ साली निकाल मात्र वाढीच्या बाजूने लागला: मुदत किती असावी ते संसदेने ठरवायचं.

सहभाग:

व्याजदर ७ टक्केच का? ३ टक्क्यांनी करून बघा.

तळटीप:

केलं. ३ टक्क्यांनी भर ४.६ टक्के होते. म्हणजे दर महत्त्वाचा आहे, तुमचा आक्षेप रास्त. पण हे 'दर वर्षी सारखेच पैसे' गृहीत धरून. बहुतेक पुस्तकांची विक्री पहिल्या काही वर्षांतच आटते, त्यामुळे खरा आकडा दोन्ही दरांनी खाली येतो. आधीच लिहून झालेल्या पुस्तकांची मुदत वाढवून नवं काही लिहिलं जात नाही, हे तर कोणत्याही दराने बदलत नाही.

माझ्या मते खरा तोटा वेगळ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेत नूतनीकरणाची अट होती तेव्हा, तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या अभ्यासानुसार, सुमारे १५ टक्के कृतींचंच नूतनीकरण होत असे. बाकीच्यांना २८ वर्षांनंतर हक्काची गरज वाटत नव्हती. आजचा कायदा त्या ८५ टक्क्यांनाही शेवटपर्यंत कुलूप लावतो, आणि किल्ली कोणाकडे आहे याची नोंद कुठेच नसते. वर मुदतमोजणी यांनी जे रकाने सांगितले ते सगळे या न ठेवलेल्या नोंदीची भरपाई आहेत.

बर्न करारामुळे परदेशी कृतींना नोंदणीची सक्ती करता येत नाही, पण करार किमान ५० वर्षंच मागतो. त्यावरच्या १० किंवा २० वर्षांसाठी 'हक्क चालू ठेवायचा असेल तर नोंद करा' म्हणायला करार आड येत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या तेव्हाच्या प्रमुख मारिया पलांटे यांनी २०१३ साली शेवटच्या २० वर्षांसाठी असं सुचवलंही होतं. वारसांना पैसे मिळत असतील तर ते नोंद करतील. उरलेली पुस्तकं सुटतील, आणि जी नोंदवही तयार होईल ती खुल्या डेटाची.

कोरेपान:

शेवटचं विचारतो. ९०० पैकी साधारण २१० पुस्तकांचा मजकूर आता 'अजून नाही' किंवा 'ठरलेलं नाही' मध्ये गेलाय. तो सरळ काढून टाकायचा का?

रकानेवाला:

मजकूर काढा, पण त्यातून मिळणारी आकडेवारी ठेवता येईल. प्रत्येक पानावर कोणता शब्द किती वेळा आला एवढंच द्यायचं, शब्दांचा क्रम टाकून. त्यातून पुस्तक परत वाचता येत नाही, पण शब्दांचा वापर कसा बदलला यासारखा अभ्यास होतो. हाथीट्रस्ट (ग्रंथालयांचं डिजिटल भांडार) लाखो पुस्तकांसाठी हेच करतं. पानाऐवजी वाक्यावर जाऊ नका. वाक्यातले आठ शब्द उलटेपालटे दिले तरी कोणीही जुळवेल. एकदाच आलेले शब्दही वगळले तर उत्तम, ओसीआरचा बराचसा कचरा त्यातच जातो.

फायली अशा बांधा: यादी एका सीएसव्हीत, यूटीएफ-८ मध्ये. मुक्त मजकूर वेगळ्या फोल्डरात, शब्दसंख्या तिसऱ्या. प्रत्येक फोल्डरात परवान्याची स्वतःची फाइल, कारण लोक एकच फोल्डर उचलतात आणि वरची फाइल मागे राहते. झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायचं संकेतस्थळ) चढवलंत तर एका नोंदीत ५० जीबीपर्यंत बसतं आणि प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. पण मुक्त मजकूर देशानुसार वेगळा असल्याने यादी आणि मजकूर या दोन स्वतंत्र नोंदी करा. मजकुरावर कोणी हरकत घेतली तर यादी खाली उतरवावी लागणार नाही. हरकतीसाठी एक ईमेल पत्ता वाचामध्ये असू द्या.

मुदतमोजणी:

आणि वाचामध्ये 'मुक्त_… ही वर्षं अमुक तारखेच्या कायद्यानुसार मोजली' अशी ओळ टाका, तारखेसकट. दर १ जानेवारीला यादी पुन्हा चालवायची. 'अजून नाही' मधल्या ज्या नोंदींचं वर्ष उजाडलं असेल त्यांचा मजकूर त्याच दिवशी मुक्त मजकुराच्या फोल्डरात हलवता येतो, तो आत्ता डिस्कवरून पुसू नका.